कुलपाची दवंडी

समस्त सोलापूरकरांस, विशेषतः ज्यांना घर आहे आणि ज्यांच्या घराला दार आहे अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तुळशीच्या कोनाड्यात ठेवलेली किल्ली ही लपवलेली किल्ली नव्हे!

हे वाक्य माझं आहे. आयुष्यात मी पुष्कळ लिहिलं. शाळेच्या संमेलनासाठी नाटुकली लिहिली, बदली झालेल्या हेडमास्तरांसाठी निरोपाची भाषणं लिहिली, एका जावयाच्या वतीने सासऱ्याला रुसव्याचं पत्रसुद्धा लिहून दिलं. पण हलगीच्या तालावर, सरकारी हुकमाने, गल्लीगल्लीतून ओरडून म्हटलं गेलेलं माझं वाङ्मय एवढंच. एवढा श्रोतृवर्ग मला पुन्हा मिळाला नाही, आणि एवढी दादही नाही.

भाड्याच्या मोटारी नुकत्याच वैराग-बार्शीकडे धावू लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. वैशाख म्हणजे लग्नसराई. घरंच्या घरं वऱ्हाडाला जायची आणि दाराला कुलूप लटकायचं. आता कुलूप म्हणजे काय? रिकाम्या घराने बाहेर टांगलेली पाटीच ती. चोरांना वेगळं विचारायची गरज पडत नसे. त्या वर्षी आमच्या भागात कुणाची तांब्याची घंगाळी गेली, कुणाचं लुगड्यांचं गाठोडं गेलं, आणि एका घरातून तर देव्हारा सोडून सगळं गेलं. चोर भाविक होता, असं तेवढं समाधान त्या घरच्यांनी मानलं.

आमच्या चौकीचे फौजदार मोठे सरळ आणि कळकळीचे गृहस्थ. मिशा मात्र अशा की त्यांनी 'कसं काय?' विचारलं तरी समोरच्याला आपण काय केलं ते आठवायला लागावं. चोऱ्या थांबवायच्या तर लोकांना शहाणं करायला हवं, असं त्यांना वरून कळवण्यात आलं होतं. त्यांनी आधी चौकीच्या भिंतीवर जाहीरनामा लावला. लोकांनी वरचा शिक्का पाहिला, घरपट्टी वाढली असं समजून मान हलवली आणि खालचं न वाचताच पुढे गेले. मग त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली. सभेला जे आले ते शेजाऱ्याच्या शेळीची तक्रार घेऊन आले.

शेवटी फौजदार माझ्याकडे आले. मी तेव्हा मराठी शाळेत मास्तर. ओट्यावर बसून पन्हं पिता पिता म्हणाले, "मास्तर, सरकारचं म्हणणं चांगलं आहे हो, पण ते कानात शिरत नाही. तुम्ही नाटकं लिहिता. दवंडीला शोभेल असं काही लिहून द्या."

मी सरकारी कागद वाचला. त्यातलं एकेक वाक्य इतकं लांब होतं की दवंडीवाला मध्येच श्वास घ्यायला थांबला असता तर उरलेलं वाक्य पुढच्या गल्लीत म्हणावं लागलं असतं. तेव्हा मी त्याची कापाकापी केली. किल्ली कुठे ठेवू नये ते लिहिलं. बांगड्या भरायला आलेल्या कासाराला आणि दारावर आलेल्या अनोळखी माणसाला आपण कुठे आणि किती दिवस जाणार हे सांगत बसू नये, असं लिहिलं. शेवटी एक कलम होतं की परगावी जाणाऱ्या रहिवाशांनी चौकीत खबर दिल्यास त्यांच्या घराकडे शक्य त्या प्रमाणात लक्ष पुरवण्याचा यत्न करण्यात येईल. आता 'शक्य त्या प्रमाणात' हे हलगीवर वाजवून बघा. वाजत नाही. म्हणून मी ते असं केलं: 'जाताना चौकीवर सांगून जा, तुमच्या घराची राखण सरकार करील.' फौजदारांनी वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे झकास झालं."

दवंडीवाला म्हणजे आमच्या भागातलं एक खणखणीत माणूस. गडी वाळका, पण आवाज असा की गिरणीच्या भोंग्याने दचकून बघावं. तो आमच्या गल्लीत आला तेव्हा मी मुद्दाम ओट्यावर येऊन उभा राहिलो. आपल्या नाटकाचा प्रयोग कोण चुकवील? त्याने माझा मजकूर म्हटला, पण म्हणता म्हणता त्यात आपल्या पदरचंही घालत गेला. "किल्ली तुळशीत ठिवू नका हो! चौकटीवर ठिवू नका! जात्याखाली ठिवू नका! शेणीच्या ढिगात तर अजिबात ठिवू नका!" प्रत्येक जागेचं नाव आलं की गल्लीतली एकेक बाई पदर सावरून हळूच घरात जाई. जात्याला समोरच्या विणकराची बायको गेली, शेणीच्या ढिगाला कोपऱ्यावरची. चौकटीला तर एकदम तिघी गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या किल्ल्यांनी जागा बदलल्या आणि भोंगा झाल्यावर गिरणीतून आलेले पुरुष आपापल्या ओट्यावर बसून राहिले, कारण बायका देवळात गेल्या होत्या आणि किल्ली नवीन ठिकाणी होती. त्या दिवशी चोर आला असता तर त्यालाही शोधायला मदत करावी लागली असती.

हे सगळं मोठ्या गमतीचं चाललं होतं. पण आमच्या घरात एक माणूस ती दवंडी गंमत म्हणून ऐकत नव्हतं.

ते माणूस म्हणजे माझी आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहान वयात तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली. पुढे आमची आई गेली तेव्हा माझा भाऊ रांगत होता. त्याला आत्यानेच वाढवलं. घरचं सगळं तिच्या हाताखालून जाई, आणि घर सोडून कुठे जायची वेळ आली की घर राखायलाही तीच असे.

तेव्हाचा रिवाजच होता. घरातलं कुणी लग्नाला निघालं की एक माणूस राखणीला मागे ठेवायचं. ते माणूस कोण, यावर चर्चा होत नसे. ज्या घरात आत्या, मावशी, थोरली जाऊ अशी कुणी एकटी बाई असे, तिथे ते आधीच ठरलेलं असे. शिवाय विधवेने मांडवात पुढे व्हायचं नाही, हे होतंच. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या सोयीच्या होत्या. त्यामुळे आमच्या आत्याने माझं लग्न पाहिलं नाही, माझ्या बहिणींच्या पोरांची बारशी पाहिली नाहीत, कुणाच्या वास्तुशांतीला ती गेली नाही. परतल्यावर आम्ही तिच्यासाठी बुंदीचे लाडू आणायचो. ती एक तुकडा तोंडात टाकून सांगायची की तुपात कसर केली होती, किंवा आचारी बार्शीकडचा होता. माझ्या लग्नाबद्दल ती कायम एवढंच सांगायची की पाक चांगला होता.

आता धाकट्याचं लग्न ठरलं होतं. तिने वाढवलेल्या पोराचं. मुलगी वैरागची, वऱ्हाड तिकडे जाणार. आणि राखणीला कोण, याची चर्चा नेहमीप्रमाणे होत नव्हती.

दवंडी झाली त्या रात्री जेवताना वाढता वाढता आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, घराची राखन सरकार करनार म्हनतंय."

वडील मामलेदार कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. भाकरी मोडत म्हणाले, "सरकार पुष्कळ म्हणतं. मी जन्मभर तेच लिहून काढलंय."

"मग लिवलं ते खोटं व्हतं व्हय?"

वडिलांनी पाणी मागितलं. हा त्यांचा उत्तर न देण्याचा मार्ग होता. माझी बायको माझ्याकडे बघत होती, मी शेंगाच्या चटणीकडे. ते वाक्य कुणी लिहिलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकटा मात्र ताटावरून मान वर करून एकदाच म्हणाला, "आत्या आली तर बरं होईल." नवऱ्यामुलाने स्वतःच्या लग्नाबद्दल मत देणं हाच तेव्हा आगाऊपणा होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाली की चल चौकीवर. मी तिला सांगून पाहिलं की दवंडीचं शब्दशः धरायचं नसतं. तिने विचारलं की मग वाजवायची कशाला. मी टोपी घातली.

बाईमाणूस आपल्या पायाने चौकीवर येणं ही मोठीच घटना. बाहेरचा शिपाई उभा राहिला, फौजदार आतून बाहेर आले. आत्या बाकावर बसली नाही. पदर नीट डोक्यावर घेऊन उभ्यानेच म्हणाली, "फौजदारसाहेब, दवंडीत म्हनलं ते खरं, का नुसतं वाजवायचं?"

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर टांगलेल्या बेड्यांचं निरीक्षण करू लागलो.

"खरं, आत्याबाई," ते म्हणाले.

"मग सांजच्याला तुळशीपुढं दिवा कोन लावंल?"

"शिपाई लावील."

"पायतान काढून?"

"काढून."

"आन् मांजराला दूध?"

फौजदारांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई खेड्यातला होता, घरी चार म्हशी असलेला. त्याने मान डोलावली. फौजदारांना वाटलं संपलं. ते समजुतीच्या सुरात सांगू लागले की चौकीत माणसं थोडी आहेत, गस्त आहे, बंदोबस्त आहे, तेव्हा घरचं एखादं माणूस मागे राहिलं तर उत्तमच. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी गावाला जाता तवा तुमच्या घरी कोन असतंय राखनीला?"

फौजदारांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "आमची मावशी."

"लगीन बघितलं का तिनं तुमचं?"

फौजदारांनी मिशीवरचा हात खाली घेतला आणि साध्या आवाजात म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही जा लग्नाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी कळवायला सांगतो, सगळ्यांचं लक्ष राहील. माझा शब्द."

फौजदारांनी शब्द दिला म्हटल्यावर वडिलांचा नाइलाज झाला. सरकारवर त्यांचा विश्वास नव्हता, पण सरकारला नाही म्हणायची सवयही नव्हती.

वऱ्हाड निघायच्या दिवशी आत्याने ठेवणीतलं करड्या रंगाचं लुगडं काढलं. कडक भाकरी, चटणी, दह्याचं गाडगं, सगळं बांधून झालं आणि घराला बाहेरून कुलूप लागलं. आमच्या घराला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. तोपर्यंत त्या घराचं कुलूप म्हणजे आत्याच. वडिलांनी कुलूप ओढून पाहिलं, दोन पावलं गेले, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली असती, पण आमच्यात जानवं नाही, म्हणून कनवटीला खोचली आणि तिथे हात धरूनच मोटारीत चढले.

मोटार म्हणजे वरून छत असलेली, बाजूने उघडी, लाकडी बाकांची. आत्या धाकट्याशेजारी बसली. तिचं गाठोडं त्याने स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. मोटारीत ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती, पण चेहरा असा की रोज बाजाराला अशीच जाते. फक्त एका हाताने पुढचा दांडा घट्ट धरलेला.

सात रस्त्याच्या चौकात आलो आणि मोटार थांबली. ड्रायव्हर तिला पाणी पाजायला खाली उतरला. आणि तेवढ्यात हलगी ऐकू आली.

इथे एक खुलासा करायला हवा. फौजदारांनी दवंडीवाल्याला सांगितलं होतं, शेजारच्यांना कळव. एवढंच. त्यांच्या मनात होतं की चार घरी जाऊन हळूच सांगावं. पण त्या माणसाचा सगळा जन्म कळवण्यात गेलेला, आणि कळवायचं म्हणजे हलगी वाजवायची आणि गावाला सांगायचं. दवंडीला कुजबुज येत नाही. त्यात पुन्हा आमच्या आत्याने उन्हाळ्यात त्याला ताकाशिवाय कधी जाऊ दिलेलं नव्हतं. तिचं काम म्हटल्यावर त्याने हात आखडला नाही. आमच्या गल्लीपासून सुरुवात करून तो सात रस्त्यापर्यंत येऊन पोचला होता.

"ऐका हो! मारुतीच्या पाराम्होरलं, निळ्या दाराचं, कारकूनसाहेबांचं घर आजपासनं रिकामं हाय हो! समदी मानसं लग्नाला वैरागला गेल्यात! समद्यांनी नदर ठिवा हो!"

मोटारीतलं वऱ्हाड दगड झालं. वडिलांचा हात कनवटीवर होता, तो तिथेच थिजला. दुकानांतून लोक बाहेर येऊन ऐकत होते. एकाने शेजाऱ्याला विचारलं, निळं दार म्हणजे कोणतं, आणि त्याने हात करून रस्ता समजावून दिला.

मग त्या गर्दीतून एक सायकल आली आणि तिच्यावर आमचे फौजदार. टोपी तिरकी, मिशा घामाने खाली आलेल्या. ते ओरडत होते की बंद कर, बंद कर. पण हलगीपुढे फौजदाराचं काय चालणार? लोकांना वाटलं हीही दवंडीतलीच भानगड, ते आणखी गोळा झाले.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आत्ताच सांगून टाकतो की आमच्या घरातली एक वाटीसुद्धा गेली नाही. जाणार कशी? ते प्रसिद्ध कुलूप बघायला सगळा भाग लोटला. आमचा ओटा दिवसा रिकामा राहिला नाही, रात्रीही राहिला नाही. फौजदार स्वतः खाट टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकाने मदत म्हणून तुळशीला पाणी घातलं, आणि परतलो तेव्हा बिचारी तुळस कुजायला आली होती. मांजर इतकं माजलं होतं की आम्हाला ओळख देईना. पण हे सगळं पुढचं. त्या घडीला सात रस्त्यावर कुणाला काय माहीत?

फौजदार मोटारीपाशी येऊन धापा टाकत वडिलांची माफी मागू लागले. वडिलांनी ऐकून घेतलं, आणि मग कुणाकडेही न बघता, कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "कुणीतरी उतरायला हवं."

आणि सगळ्या मोटारीने आत्याकडे पाहिलं. मी खरंच सांगतो, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. चुलते, चुलत्या, पाहुणे, सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या, जशा देवळापुढून जाताना वळतात. फक्त माझी बायको रस्त्याकडे बघत राहिली, मुद्दाम.

आत्यानेसुद्धा सवयीने दांड्यावरचा हात सोडला आणि गाठोड्याकडे नेला. धाकट्याने ते गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलं. तिने ओढलं. त्याने सोडलं नाही. नुसता समोर ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. हळद लागलेले त्याचे हात गाठोड्याच्या गाठीवर पिवळे दिसत होते. आत्याने त्या हातांकडे पाहिलं.

तेवढ्यात दवंडीवाल्याला आमची मोटार दिसली. ज्यांची दवंडी ती माणसं समोरच बसलेली, असं भाग्य त्या धंद्यात कुठे मिळतं! तो सरळ मोटारीपुढे आला, फौजदारांना एक मानाचा रामराम घातला, आणि खास आमच्यासाठी एक ओळ नव्याने जोडून, हलगीवर कडकडून टिपरू मारत, त्याने ललकारी दिली, "घरात आत्याबाईबी न्हाईत हो!"

हशा पिकला. फौजदारांनी डोळे मिटले. वडील म्हणाले, "अरे, गप बसवा कुणीतरी त्याला."

आत्या उठून उभी राहिली. उतरायला उठली असंच आम्हा सगळ्यांना वाटलं, वाट द्यायला दोघांनी पायही आवरले. पण तिने पुन्हा दांडा धरला, पदर सावरला, आणि माझ्या उभ्या जन्मात तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात त्या दवंडीवाल्याला म्हणाली,

"आरं, आजून मोठ्यानं वरड की! मी घरात न्हाय, हे कळू दे समद्या सोलापुराला!"